गळूनही भरलेली टाकी

गाडीच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला तेव्हा निरीक्षकाने सगळ्यात आधी संशय घेतला तो काट्यावर. त्यात त्याचा दोष नव्हता. वीस वर्षं वजनमापे खात्यात काढलेला माणूस देवावर विश्वास ठेवेल, काट्यावर ठेवणार नाही. त्याने काचेवर दोनदा टिचकी मारली. काटा हलला नाही, पण बॉनेटच्या फटीतून वाफ मात्र यायला लागली.

"जावईबापू, इंजिन बंद करा," शेजारी बसलेले सासरे म्हणाले.

"बाबा, टर्बोची गाडी अशी एकदम बंद करत नाहीत. टर्बोचा पंखा आधी निवू द्यावा लागतो."

"टर्बो निवेल, पण इंजिन शिजेल त्याचं काय?" असं म्हणून सासऱ्यांनी सरळ हात पुढे केला आणि चावी फिरवली. चढावर, मागे सात गाड्या हॉर्न वाजवत असताना, एका जबाबदार सरकारी अधिकाऱ्याच्या हातातली गाडी त्याच्या सासऱ्याने बंद केली. सासऱ्यांनी पस्तीस वर्षं बस चालवली होती हे खरं, पण म्हणून काय झालं? हा ओरखडा निरीक्षकाच्या मनावर पुढे आठवडाभर राहिला.

गाडी निवल्यावर पाहिलं तर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, म्हणजे कूलंटची, टाकी जवळजवळ रिकामी. गंमत म्हणजे खाली रस्त्यावर एक थेंब नाही. टाकीत पाणी नाही आणि रस्त्यावरही नाही, मग गेलं कुठे?

"इंजिनाच्या मागून गोडसर वास येतोय," सासरे नाक वर करून म्हणाले. "टर्बोकडे बघायला सांगा."

"बाबा, ही बस नाही," निरीक्षक म्हणाला. बोलून झाल्यावर त्याला थोडं वाईट वाटलं, पण शब्द परत घेण्याची सवय त्या खात्यात कुणालाच नसते.

एरवी ही कटकट एखाद्या रविवारी मिटली असती. पण तो शुक्रवार होता आणि पुढच्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता गाडीची सरकारी तपासणी होती. गाडी सतरा वर्षांची. एकदा तारीख वाढवून घेतलेली, म्हणजे ही शेवटची. शनिवारी नोंदणी संपणार, आणि तपासणीत गळती सापडली तर गाडी तिथूनच भंगाराच्या आवारात ढकलत न्यायची, असा नियम होता. आता कुणी म्हणेल, गेली तर गेली, सतरा वर्षांची गाडी ती! निरीक्षकाच्या बायकोसमोर मात्र हे म्हणायची सोय नव्हती. गाडी तिच्या वडिलांची होती. सासूबाई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी सासरे लेकीकडे राहायला आले ते एक ट्रंक आणि ही गाडी घेऊन. त्याच सुमारास डोळ्यांमुळे त्यांचा परवाना गेला होता, त्यामुळे चालवायचा जावई, आणि ते शेजारी बसून पाय मात्र ब्रेकवर असल्यासारखे दाबायचे. त्या घरात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं.

"गाडी गेली तर बाबा बोलायचे नाहीत काही," बायको त्या संध्याकाळी म्हणाली. "पण ते जेवायचे नाहीत. मला माहीत आहे ना."

"गळती मी शोधतो," निरीक्षक म्हणाला. "माप घेतलं की चोर सापडतोच."

आणि तो कामाला लागला. शनिवारी सकाळी त्याने गॅरेजवाल्याकडून टाकी धुवून घेतली, नवं गडद हिरवं कूलंट वरच्या रेषेपर्यंत भरलं, बाहेरून त्या रेषेवर काळ्या पेनाने खूण केली आणि तारीख घातली. गॅरेजवाल्याकडे एक काचेची पिचकारी खिळ्याला टांगलेली होती. तिच्यात कूलंट ओढलं की आतल्या चार रंगीत गोळ्यांपैकी किती तरंगतात त्यावरून ते किती दाट आहे हे समजे. ती कुठल्याशा कंपनीने फुकट दिलेली आणि आजवर कुणी न वापरलेली. निरीक्षकाने ती धूळ झटकून वापरायला लावली. चारही गोळ्या तरंगल्या. त्याने वहीत नोंद केली. गॅरेजवाल्याने एका रबरी नळीची पट्टी बदलली, "झालं साहेब, हीच सैल होती," असं शपथेवर सांगितलं, आणि निरीक्षकाने घरी येऊन फर्मान काढलं: शुक्रवारपर्यंत बॉनेटला कुणीही हात लावायचा नाही. माप दिवसातून एकदाच, सकाळी सात वाजता, थंड इंजिनावर, तो स्वतः घेणार.

सगळ्यांनी माना डोलावल्या. सासऱ्यांनी सगळ्यांच्या आधी डोलावली. निरीक्षक इतक्या दुकानदारांना ओळखून होता की त्याच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. पण स्वतःच्या हुकुमावर ज्याचा फार विश्वास असतो त्याचं असंच होतं.

रविवारी सकाळी सात वाजता पाणी खुणेवर नव्हतं. ते खुणेच्या दोन बोटं वर होतं.

निरीक्षकाने चष्मा पुसला, वाकून पाहिलं, मग गाडी उतारावर तर नाही ना म्हणून गवंडी वापरतात ती लेव्हलची बाटली आणून बॉनेटखाली ठेवली. गाडी सपाट होती. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका जिन्यावरून उतरले. काका निवृत्त दंतवैद्य होते. लोकांची तोंडं उघडायचं थांबल्यापासून त्यांचं स्वतःचं तोंड मिटत नसे.

"हवा अडकली असणार," ते म्हणाले. "हवा सुटली की पाणी वर येतं. मी व्हिडिओ पाहिलाय."

निरीक्षकाला ते पटलं. खरं तर पटवून घ्यावंसं वाटलं. गळती थांबली होती, आणि ज्या अर्थी पाणी वाढत होतं त्या अर्थी ती जरा जास्तच थांबली होती. दुपारी तो बायकोला आणि सासऱ्यांना घेऊन एक मोठा फेरा मारून आला. काटा मधोमध, सासरे गुणगुणत होते. घरी येऊन गाडी लावली, दहा मिनिटांनी काका खालून ओरडले, "निरीक्षकसाहेब! खाली या! तळं!"

गाडीखाली बशीएवढं हिरवं तळं साचलं होतं.

सोमवारी सकाळी टाकी पुन्हा काठोकाठ आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर खाली तळं, या वेळी ताटाएवढं. काकांनी गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरायला लावली आणि दाताचा एक्सरे बघावा तसे ते डाग उजेडात धरून बघू लागले. एका डागावरून त्यांनी पंप फुटल्याचं निदान केलं, दुसऱ्यावरून रेडिएटर. तिसरा डाग तेलाचा निघाला, आणि तो गाडीचा नव्हता, वर्तमानपत्रात काहीतरी तळलेलं बांधून आलं होतं त्याचा होता. "टाकीत मूठभर मिरपूड टाका, भोकं बुजतात," असंही ते म्हणाले. निरीक्षकाने नम्रपणे नकार दिला. मग काकांनी चिमूटभर तरी टाका म्हणून घासाघीस केली.

सासरे या सगळ्यापासून लांब, पायरीवर बसून होते. "वास मागूनच येतोय," एवढं एकदा म्हणाले. डाग पुढे पडलाय आणि वास मागून येतोय, यावर कुणी काय बोलणार? काकांनी पुढचा कागद उचलला.

मंगळवारी गॅरेजवाल्याने टाकी पाहिली, तळं पाहिलं आणि तोंड पाडलं. तोंड पाडण्याची त्याची एक पद्धत होती. त्यावरून काम किती दिवसांचं आहे हे ओळखता येई. "साहेब, पाणी गळतंय पण कमी होत नाही, म्हणजे आतून ढकललं जातंय. हेड गॅस्केट गेलं. इंजिन उघडावं लागेल. दहा दिवस धरा."

"माझ्याकडे तीन आहेत."

"मग उघडायलाच नको," गॅरेजवाला समजूतदारपणे म्हणाला. "भंगारवाला माझ्या ओळखीचा आहे."

निरीक्षकाने वही मिटली. तो तसाच तपासणी कार्यालयात गेला. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. तारीख दुसऱ्यांदाही वाढवून मिळते, त्या म्हणाल्या, गाडी चालू स्थितीत नसल्याचं प्रमाणपत्र आणा. ते कुठे मिळतं? इथेच, मागच्या आवारात. काय करावं लागतं? गाडी चालवत आणून दाखवावी लागते. पण चालत असेल तर प्रमाणपत्र कसं मिळेल? "तेच तर," बाई म्हणाल्या, "म्हणून कुणाला मिळत नाही." असली उत्तरं निरीक्षकाने स्वतः शेकडो दुकानदारांना दिली होती. ती ऐकताना कशी लागतात हे त्याला त्या दिवशी समजलं.

रात्री जेवताना सासऱ्यांनी विचारलं, "काय म्हणाला गॅरेजवाला?"

"बघू म्हणाला."

"भंगार म्हणाला का?"

निरीक्षक पाणी प्यायला. सासरे अर्ध्या ताटावरून उठले. बायकोने नवऱ्याकडे जे पाहिलं, त्यापेक्षा तिने काही बोलून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवारी सकाळी सात वाजता टाकी नेहमीप्रमाणे भरलेली. निरीक्षक वहीत आकडा लिहिणार तोच त्याचा हात थांबला. आतला हिरवा रंग हिरवा राहिला नव्हता. शनिवारी बाटलीतून ओतताना तो गडद होता. आता भाजी धुतलेल्या पाण्यासारखा दिसत होता. त्याने ऑफिसात उशिरा येतो असा निरोप धाडला, गॅरेजवाल्याकडची पिचकारी मागून आणली आणि पाणी ओढलं. चार गोळ्यांपैकी एक तरंगली, तीही नाइलाजाने.

तो तिथेच, पिचकारी हातात धरून उभा राहिला. गळतीने पाणी कमी होतं, पातळ होत नाही! पातळ होतं ते वरून घातल्याने. अहो, यात काय शोधायचं होतं? हेच तर त्याच्या धंद्यातलं पहिलं पान. गळ्यापर्यंत भरलेली टाकी तापली की पाणी फुगतं आणि झाकणातून बाहेर पडतं, त्याचंच ते तळं. हेड गॅस्केट धडधाकट होतं. कुणीतरी रोज गुपचूप पाणी घालत होतं.

आणि जिन्याखाली, टॉर्च घेऊन, काका गाडीभोवती फिरत होते.

"काका," निरीक्षक कोरड्या सरकारी आवाजात म्हणाला, "तुम्ही माझ्या गाडीत पाणी घालता?"

काकांचा चेहरा पडला. "मी?" ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी सल्ला देतोय, निरीक्षकसाहेब. कुणाला घोटभर पाणी दिलं असेल तर शपथ!" आणि टॉर्च न विझवताच ते जिना चढून गेले. दुपारी त्यांच्या पत्नीने बायकोला फोन करून सांगितलं की काका जेवले नाहीत. म्हणजे त्या इमारतीत आता दोन म्हातारे उपाशी होते आणि दोघांचं कारण एकच गाडी.

संध्याकाळी निरीक्षकाने आपल्या जुन्या पेटीतून प्रशिक्षणाच्या काळातली, खात्याचा शिक्का नसलेली कोरी मोहोर काढली. सरकारी मोहोर खासगी गाडीला लावणं गुन्हा. त्याने स्वतः एकाला त्यापायी कोर्टात उभं केलं होतं. पण कोऱ्या मोहोरेबद्दल नियमात काही नाही, हे त्याने तीनदा वाचून खात्री करून घेतलं. मग टाकीच्या झाकणातून तार ओवली, शिशाचा मणी दाबला, आणि गुरुवारी पहाटे पाच वाजता मागच्या सीटवर चादर घेऊन आडवा झाला. चोर आज आला तर सापडणार होता. न आला तर मात्र हाती फक्त एक दिवस उरत होता आणि खऱ्या गळतीचा अजून पत्ताच नव्हता.

साडेपाचला पावलं वाजली. पावलं चपलांची नव्हती, बुटांची होती. आधी पुढच्या चाकावर कुणीतरी बोटाच्या पेराने टकटक केली, मग मागच्या, असं करत चारही चाकांवर. चाकातली हवा अशी कानाने तपासणारा माणूस त्या घरात एकच होता. निरीक्षकाने चादरीतून डोळा बाहेर काढला. सासरे. दाढी केलेले, शर्ट खोचलेला, हातात स्वयंपाकघरातला स्टीलचा जग. ड्यूटीवर निघाल्यासारखे.

बॉनेट वर गेलं. मग काहीच आवाज आला नाही.

बॉनेटखालच्या फटीतून निरीक्षकाला फक्त त्यांचे हात दिसत होते. एका हातात जग होता, आणि दुसरा हात त्या शिशाच्या मण्यापाशी येऊन थांबला होता. तार साधी होती, लहान मुलानेही तोडली असती. पण पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला हात होता तो. मण्याला बोटही न लावता तो मागे गेला. बॉनेट हळूच, आवाज न करता मिटलं. सासरे पायरीवर जाऊन बसले, जग मांडीवर धरून, आणि त्यांनी डोळे पुसले.

निरीक्षकाने वीस वर्षांत अनेक चोर पकडले होते. एकही पकडताना त्याला असं तोंड लपवावंसं वाटलं नव्हतं. तो चादरीसकट बाहेर आला.

"बाबा."

सासरे दचकून उभे राहिले. जगातलं पाणी बुटांवर सांडलं. "जावईबापू, चूक झाली. तुम्ही नको म्हणाला होता. पण पाणी कमी दिसलं असतं तर तुम्ही गाडी भंगारात काढली असती. म्हटलं, शुक्रवारपर्यंत भरलेली दिसू दे."

"गळ्यापर्यंत कशाला भरायची?"

"बसला गळ्यापर्यंतच भरतात," सासरे म्हणाले, आणि मग जरा थांबून, "ही बस नाही, हे तुम्ही सांगितलं होतं खरं."

निरीक्षकाने चादर खांद्यावर टाकली. तो पायरीवर त्यांच्या शेजारी बसला. खरं म्हणजे त्याला माफी मागायची होती. पण त्याच्या तोंडून निघालं ते वेगळंच. "तो वास," तो म्हणाला, "नक्की कुठून येतो?"

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. सहा दिवसांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

गॅरेज उघडायच्या आधी दोघं गॅरेजच्या दारात होते. इंजिन तापवून सासऱ्यांनी मागच्या बाजूला, टर्बोखाली, आरसा धरायला लावला. टर्बोला थंड ठेवणारी एक बोटाएवढी नळी तिथे बोल्टने बसवलेली होती आणि बोल्टच्या कडेला पांढुरका हिरवा थर जमला होता. टर्बो तापला की तिथून थेंब सुटत होता आणि जमिनीवर पोचायच्या आत तापलेल्या लोखंडावर उडून जात होता. मागे राहत होता फक्त गोड वास. गॅरेजवाल्याने बोल्ट काढला. आतला तांब्याचा वॉशर दगडासारखा कडक झाला होता.

"या मापाचा मिळत नाही," तो म्हणाला. "मागवावा लागेल. चार दिवस."

"मागवायचा कशाला?" सासरे म्हणाले. "घरी चला."

घरी बायको चहा ठेवत होती. सासऱ्यांनी पातेलं बाजूला सारलं, चिमट्यात वॉशर धरला आणि गॅसच्या निळ्या ज्योतीवर धरून बसले. वॉशर लालभडक झाला तसा वाटीभर पाण्यात टाकला. चर्रर्र आवाज झाला. "तांबं असंच मऊ होतं," ते म्हणाले. "मऊ झालं की घट्ट बसतं."

"माझ्या गॅसवर हे काय शिजतंय?" बायकोने विचारलं.

"तुझे वडील गाडी वाचवतायत," निरीक्षक म्हणाला. "चहा नंतर."

त्याच दिवशी वॉशर परत बसला, टाकीत नवं कूलंट रेषेपर्यंत भरलं गेलं. शुक्रवारी अकराला गाडी तपासणीच्या आवारात उभी होती, आणि तपासणी अधिकारी निघाला अगदी निरीक्षकासारखाच. तोही काट्यावर टिचकी मारणारा. त्याने इंजिन वीस मिनिटं चालू ठेवायला लावलं आणि आरसा घेऊन खाली वाकला. सासरे शेजारी ताठ उभे होते, ओठ हलत होते, मोजत असावेत. काटा मधोमध आला. तिथून केसभर वर सरकला. पंखा सुरू झाला. काटा केसभर खाली आला.

अधिकारी उठला. टाकीवर काळ्या पेनाच्या रेघा आणि तारखा होत्या, झाकणाला तुटकी तार लोंबत होती. "हे काय?"

"नोंदी," निरीक्षक म्हणाला.

"वा. असं कुणी करत नाही हो हल्ली," अधिकारी खूश होऊन म्हणाला. "रोज पाणी कोण बघतं?"

सगळा आठवडा ज्या माणसाने स्वतःचा मान सांभाळला होता, त्याला इथे तो आयताच हातात मिळत होता. वही त्याची, खुणा त्याच्या, अक्षरही त्याचंच.

"माझे सासरे," तो म्हणाला. "पस्तीस वर्षांचा अनुभव आहे त्यांना."

अधिकाऱ्याने सासऱ्यांकडे बघून मान लववली आणि शिक्का मारला. परतताना घर येईपर्यंत सासऱ्यांनी एकदाही पायाने ब्रेक दाबला नाही.

त्या संध्याकाळी निरीक्षकाने दोन कामं केली. एक, वरच्या मजल्यावर जाऊन काकांची माफी मागितली. त्यांनी ती एका तासाच्या सल्ल्यासह स्वीकारली. दुसरं, वहीचं नवं पान काढून त्यावर रकाने आखले. डेपोत ड्रायव्हर सकाळी ज्या तक्त्यावर सही करत तसेच: पाणी, तेल, हवा, शेरा. वही त्याने सासऱ्यांच्या उशाशी ठेवली. बोलता आलं असतं तर पायरीवरच बोलला असता.

शनिवारी सात वाजता तो सवयीने खाली आला. बॉनेटवर वही उघडी होती, वर पेन, आणि शेजारी स्टीलचा जग, कोरडा. जुन्या वळणाच्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं:

"पाणी: रेषेवर. तेल: ठीक. हवा: चारही ठीक. शेरा: पाणी घातले नाही. घालावेसे वाटत होते."

निरीक्षकाने टाकीकडे पाहिलंही नाही. त्याने पेन उचललं आणि खाली 'तपासले' लिहून सही केली.